पाठीवरची दोन बोटं

प्रिय गोचिडे,

‘आई, तुझ्या पाठीवर घर बांधता येईल.’ हे तू म्हणालीस तेव्हा शाळेतही जात नव्हतीस. मी जिमच्या चटईवर पालथी पडले होते आणि तू माझ्या पाठीवर मांडी घालून बिस्किट खात होतीस. चुरा सगळा माझ्या मानेवर. मी विचारलं, त्या घरात कोण राहणार? तू म्हणालीस, मी आणि बाबा. मी म्हटलं, आणि मी गं? तू जरा विचार केलास आणि अगदी न्यायाधीशासारखी म्हणालीस, ‘तू खाली.’ तेव्हापासून तुझं नाव गोचीड पडलं, कारण तू पाठ सोडायचीच नाहीस. आता तुमच्या त्या मोठ्या क्रीडासंकुलात तू लोकांना घाम गाळायला लावतेस, तिथे हे नाव फुटलं तर तुझी काय अब्रू राहील! घाबरू नकोस, पाकिटावर खरं नाव घातलं आहे.

पत्र लिहायची वेळ आली, कारण फोनवर तू मला नुसतं ‘बरं’ म्हणतेस. जेवलीस का? बरं. झोप होते का? बरं. बाबांशी मात्र मोकळी बोलतेस. तुला माहीत नाही, पण ते फोन दुकानातल्या टायरच्या चळतीवर स्पीकर लावून ठेवतात आणि मी वर जिमकडे जाणाऱ्या जिन्यात उभी राहून ऐकते. मागच्या खेपेला तू विचारलंस, ‘तिच्या डोक्यातलं ते खूळ गेलं का?’ ते म्हणाले, ‘नक्की कोणतं? तिच्या डोक्यात खुळांचं गोदाम आहे.’ तू हसली नाहीस. जिन्यात मीही हसले नाही.

खूळ म्हणजे माझं ऑपरेशन. सुट्टीवर आली होतीस तेव्हा स्वयंपाकघरात बसून मी तुला ते सांगितलं आणि माझी पद्धतच चुकली, असं आता वाटतं. मी ते वजनांच्या हिशेबासारखं सांगितलं. गेल्या वर्षी डावा स्तन काढला, तिथे आता नवीन घडवता येतो, आणि त्यासाठी डावीकडचा पाठीचा रुंद स्नायू सोडवून, काखेखालून फिरवून पुढे आणतात. काखेपासून कमरेपर्यंत पसरलेला तो स्नायू, ज्याला आपण जिममध्ये लॅट्स म्हणतो आणि तू लहानपणी ‘आईचे पंख’ म्हणायचीस. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू कप खाली ठेवलास. आपटला नाहीस, हळूच ठेवलास. ‘एक काढून नेलं तेवढं पुरलं नाही का? आता पाठ पण कापून देणार? आणि कुणासाठी, आई?’ मी उत्तर जुळवेपर्यंत तू बॅग भरायला गेली होतीस. परतीची बस दुसऱ्या दिवशीची होती. तू त्याच दुपारी गेलीस. बाबा बिचारे ग्राहकाचं चाक अर्धं खोलून तुला स्टँडवर सोडायला धावले. तो ग्राहक तीन चाकांवर बसून राहिला आणि मला विचारत होता, ‘वहिनी, काही झालंय का?’ मी म्हटलं, पंक्चर आहे, निघेल.

नाही निघालं.

माझी डॉक्टरीण तुझ्याहून फार मोठी नसेल. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक. तिने मला उघड्या पाठीने उभं केलं, दोन्ही हात कमरेवर दाबायला लावले आणि मागे गेली. मग म्हणाली, ‘तुम्ही काय करता हो?’ मी सांगितलं, बायकांची जिम चालवते. ती म्हणाली, ‘उजवीकडे बघून मला हेवा वाटतोय. डावीकडे बघून काळजी.’ औषधांच्या वर्षात डावी बाजू पातळ झाली आहे. ऑपरेशनला अजून काही महिने आहेत. तोवर तो स्नायू भरला तर पुढे आणायला पुरेसा होईल आणि आत सिलिकॉनसारखी बाहेरची वस्तू घालावी लागणार नाही, निदान तिला तशी आशा आहे. नाही भरला, तर दुसरा विचार करावा लागेल, आणि तो दुसरा विचार मला नको आहे. तिने लपवलं काहीच नाही. नंतर बारला लोंबकळून अंग वर खेचणं मला जमेल असं ती म्हणत नाही. रोजची कामं होतील, बाकीचे स्नायू ती शिकून घेतात. पण जड ओढणं गेलं ते गेलं. बाहेर पडताना ती म्हणाली, ‘खरं सांगू? व्यायाम करणाऱ्या बाईचा हा स्नायू घ्यायला माझाच हात जड होतो. तुम्ही नीट विचार करा.’ बघ, तुझ्या बाजूने बोलणारी माणसं मलाही भेटतात.

बाबांना सांगितलं तेव्हा ते एका जुन्या टायरला आतून ठिगळ लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे मागचं पुढे लावायचं. आमच्यात रोज करतात, त्याला रोटेशन म्हणतात. गाडी जास्त चालते उलट.’ मी इतकी हसले की मला ठसका लागला. मग ते हवेच्या मशीनपाशी गेले, ते चालू केलं आणि कुठलंच टायर हातात न घेता नुसते उभे राहिले. ते मशीन चालू असलं की दुकानात कुणाचं काही ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. बराच वेळ चालू होतं.

तुझ्या रागाचं मूळ मला कळत नाही असं समजू नकोस. पहिल्या ऑपरेशननंतर तू मला अंघोळ घालायचीस. पुढच्या बाजूला पट्ट्या होत्या, नळी होती, मी खाली बघत नव्हते आणि तूही बघत नव्हतीस. मग तू माझ्या मागे स्टूल टाकून बसलीस, ओल्या फडक्याने पाठ पुसलीस, आणि तुझा हात मानेपासून कमरेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तू म्हणालीस, ‘ही आहे ना.’ तेवढंच. मी त्या शब्दांवर अख्खं वर्ष काढलं. केस गेले, जेवण कडू झालं, जिना चढताना कठडा धरावा लागला, पण ही आहे ना. जे शिल्लक होतं ते तू मला दाखवलंस, आणि आता तेच मी उचलून देऊन टाकते आहे असं तुला वाटतं. तुझ्या जागी मी असते तर मीही कप खाली ठेवला असता.

पण तू विचारलंस ना, कुणासाठी. त्याचं उत्तर मला आधी सापडत नव्हतं, म्हणून मी तिथे गप्प बसले. आता सांगते. मागे एकदा मी नवीन बायकांना वाकून वजन कसं उचलायचं ते दाखवत होते आणि माझ्या कपड्यात डावीकडे भरलेली ती कापडी उशी सटकली, खाली पडली, घरंगळत वजनांच्या रॅकपर्यंत गेली. आपली ती बेकरीवाली, जिला धड कुजबुजताही येत नाही, तिने ती उचलली, झटकली आणि म्हणाली, ‘ताई, तुमचं सामान.’ मीच आधी हसले, मग सगळ्या हसल्या, कुणाचंच मन दुखावलेलं नव्हतं. वर्ग पुरा केला. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि मला स्वच्छ कळलं की मला ते परत हवं आहे. बाबांसाठी नाही, ते तर म्हणतात, मला काय, मी चष्मा काढून झोपतो. लोकांसाठी नाही, लोकांना मी कधी भीक घातली? नुसतं हवं आहे. जन्मभर मी जे मागितलं ते कशाच्या तरी उपयोगाचं होतं. हे कशाच्याच उपयोगाचं नाही आणि तरी हवं आहे, याची मला आधी लाज वाटली, आता वाटत नाही. तुला माझी पाठ आठवते, कारण तू तिच्यावर बसलीस. पण मी माझ्या पाठीवर राहत नाही गं. मी पुढच्या बाजूला राहते. सकाळी उठल्यावर मला तीच भेटते. तुझ्या त्या घरात मला ‘तू खाली’ असं सांगितलं होतंस, आठवतं? मला एकदा वर राहून बघायचं आहे.

आता कामाचं. हे वाचून तुला राग येईल, आणि त्याचबरोबर तुझ्यातली शिकवणारी बाई जागी होईल, अशी माझी लबाड आशा आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनी खांद्याची हालचाल तपासून सावकाश वजन घ्यायला परवानगी दिली आहे, आणि मी गेले काही आठवडे दुपारच्या रिकाम्या वेळेत जिमचं दार लावून एकटी करते आहे. सुरुवात कुठून केली असेल? आपल्या लाडक्या बारपासून. हात रुंद धरून नुसती लोंबकळले. उजवी बाजू म्हणाली, आलीस का बाई. डावी बाजू म्हणाली, तुम्ही कोण? खाली उतरले. मग बसून खेचायची केबल घेतली. दांडी किती रुंद धरायची यावर आपण दोघी किती भांडलो आहोत! तू म्हणायचीस, जितकी रुंद पकड तितकी रुंद पाठ, हा जिममधला अडाणीपणा आहे. खांद्याहून थोडी बाहेर, बस्स. मी जुन्या शाळेची, मी रुंदच धरली. दोन दिवसांत खांदा कुरकुरायला लागला. तुझं बरोबर होतं, हे लेखी घे आणि फ्रेम कर.

मग वाकून दांडी पोटाकडे ओढायचा व्यायाम घेतला, कारण त्यात वजन जास्त घेता येतं आणि वजन घेतलं की मला जिवंत वाटतं. त्याने काय झालं, तर मानेच्या खालचा आणि दोन पंखांच्या मधला भाग भरला. जाडी वाढली, पण नको तिथे. बाबांनी मागून फोटो काढला, बघितला आणि म्हणाले, ‘बैलगाडी ओढायला निघालीस का?’ कोपर अंगापासून फाकलं की ओढ वरच्या पाठीवर जाते, कोपर कमरेच्या खिशाकडे नेलं की लॅट्सवर येते, हे मी हजार बायकांना सांगितलं असेल. स्वतःचं कोपर मात्र स्वतःला दिसत नाही. मग पुलोव्हर नावाचा व्यायाम घ्यावा असं वाटलं, त्यात हात दुमडत नाही आणि पंख पार ताणला जातो. पण पाठीवर पडून वजन डोक्यामागे गेलं की व्रणाची कातडी ओढते आणि मी श्वास धरते. श्वास धरून केलेला व्यायाम म्हणजे भीतीचा व्यायाम. तो सोडला. आता उरलंय ते एवढंच: उभं राहून, हात सरळ ठेवून केबल मांडीकडे खाली आणणं, आणि एका गुडघ्यावर टेकून एका हाताने वरून खेचणं, फक्त डावीकडे. हलकं वजन, इतकं हलकं की बेकरीवाली बघेल तर कणकेचा गोळा याहून जड असतो म्हणेल.

आणि इथेच गाडं अडलंय. वजन खाली येतं, हात दुखतो, दंड फुगतो, पाठ काहीच करत नाही. ज्या बाजूला एवढी कापाकापी झाली तिथे काखेपासून खाली मला धड काही कळतच नाही, जणू ती बाजू शेजाऱ्यांची आहे. हाताने ओढू नका, पाठीने ओढा, हे मी आयुष्यभर ओरडत आले. पण पाठीने ओढायला पाठ कुठे आहे ते कळावं लागतं, आणि पाठ ही एकच जागा अशी आहे की जी आपली असून आपल्याला दिसत नाही. म्हणून तर आपण दोन बोटं ठेवतो. मला माझ्या मास्तरांनी काठीचं टोक टोचून शिकवलं होतं. मी काठी टाकली आणि बोटं घेतली. काखेखाली, बरगडीच्या कडेला दोन बोटं टेकवायची आणि म्हणायचं, ‘इथून.’ बस्स, ती बाई इथून ओढायला लागते. तुलाही मी तसंच शिकवलं. तू पहिल्यांदा बारवर हनुवटी नेलीस तेव्हा माझी बोटं तिथेच होती, आणि तुझा तो स्नायू माझ्या बोटांखाली मासा वळावा तसा वळला.

मी मदत मागितली नाही असं नाही. आपल्या वर्गातल्या सर्वांत जुन्या बाईला म्हटलं, जरा बोटं ठेव. तिने ठेवली, पण अशी, जशी कुणी गरम तव्यावर ठेवतं. दुखेल म्हणून घाबरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग तिचीच समजूत काढण्यात माझी दुपार गेली. बाबांना म्हटलं. ते हात धुऊन, साबणाने दोनदा धुऊन वर आले, आणि बोटाने सगळी पाठ चाचपायला लागले, थोडं इकडे, थोडं तिकडे, कान जवळ नेऊन, जणू ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठून येतोय ते शोधतायत. मी म्हटलं, अहो, हवा जात नाहीये! ते म्हणाले, ‘मग येत का नाहीये ते तरी बघू दे.’ प्रेमात काही कमी नाही, पण जागा त्यांना सापडत नाही. दर वेळी मणक्यावरच बोट.

आणि दिवस जात आहेत. डॉक्टरीण पुढच्या भेटीत स्नायूची जाडी मोजणार आहे. आज मोजली तर मला माहीत आहे ती काय म्हणेल. मी आरशाकडे पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून बघते. उजवीकडे उतरता डोंगर, डावीकडे सपाट भिंत. रोज दार लावते, रोज गुडघा टेकते, रोज खेचते, आणि रोज फक्त हात दमतो. भीती ऑपरेशनची नाही, गोचिडे. भीती याची की मी हो म्हणून बसले आहे आणि द्यायला माझ्याकडे काही नसेल. होय, मी हो म्हटलं आहे. तू गेलीस त्या आठवड्यातच. बाबांनी तुला सांगितलं नाही, कारण मी शपथ घातली होती. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना गुपित पोटात ठेवताना किती त्रास झाला ते हवेच्या मशीनला विचार.

तर हे पत्र तुझा राग काढायला लिहिलेलं नाही. राग असू दे. तू ‘बरं’ म्हणत राहिलीस तरी चालेल. मला तुझ्याकडून दुसरंच हवं आहे. माझ्यासाठी डाव्या बाजूचे व्यायाम तू निवड. मी निवडलेत त्यातले खोड, हवं तर सगळे खोड, तुझे घाल. मी तोंडातून ब्र काढणार नाही. आणि तुझ्या सुट्टीच्या दिवशी ये. घरात यायला नको, माझ्याशी बोलायला नको, चहासुद्धा घेऊ नकोस. बाबांच्या दुकानावरून सरळ वर जिन्याने ये, माझ्या मागे स्टूल टाकून बस, जशी तेव्हा बसली होतीस. तू नाही म्हणशील. मी तुला वाढवलं आहे, तुझं ‘नाही’ कुठून निघतं ते मला बोट ठेवून दाखवता येईल. तरीही विचारते. ज्या पाठीवर तू हात थांबवून ‘ही आहे ना’ म्हणालीस, तीच देऊन टाकता यावी म्हणून ती पुन्हा भरायला मला मदत करशील? दोन बोटं ठेवून, एकदाच, ‘इथून’ म्हणशील?

तुझीच,
जिच्या मानेवर अजून बिस्किटाचा चुरा आहे ती,
आई